तात्पुरती सोय

१९३५ च्या जानेवारीत फ्रँक व्हिटल नावाच्या एका इंग्रज हवाईदल अधिकाऱ्याला पाच पौंड भरायचे होते. पाच वर्षांपूर्वी त्याने एका पेटंटसाठी अर्ज केला होता, त्याच्या नूतनीकरणाची ती फी. घरात दोन लहान मुलं, पगार बेताचा, त्यात केंब्रिजचं शिक्षण चालू. हवाई मंत्रालय भरेल का, तर मंत्रालयाची सरकारी पैशातून असली फी भरायची तयारी नव्हती. व्हिटलनेही मग हात आखडता घेतला आणि पेटंट बुडालं. ते पेटंट जेट इंजिनाचं होतं.

हे वाचल्यावर मला इंग्रजांबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. कचेरी चालवण्याची जी पद्धत ते आपल्याकडे ठेवून गेले, ती त्यांनी आधी स्वतःच्या घरी नीट वापरून पाहिली होती. मंत्रालयातल्या एखाद्या बाबूने त्या दिवशी ‘विशेष बाब म्हणून मंजूर’ एवढा शेरा मारला असता तर?

हा जर-तरचा नाद मराठी माणसाला पानिपतापासूनचा. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, या एका वाक्यावर आपल्याकडे कित्येक दुपारी गेल्या आहेत. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती गोळी खरोखरच चुकवली आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळ्या वाटेने नेला. एका गोळीने साम्राज्य फिरतं, तर पाच पौंडांनी विमानं का फिरू नयेत? पण थोडा विचार केला की या पाच पौंडांत तेवढा जोर दिसत नाही. पेटंट जिवंत राहिलं असतं तरी इंजिनाला पैसा आणि धातू लागणारच होता. व्हिटलचं इंजिन पुढे १९३७ च्या एप्रिलमध्ये धडधडलंच, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, जर्मनांनी त्याच्याआधी जेट विमान उडवूनही दाखवलं. तेव्हा आपल्याला खरी गोळी दुसरीकडेच शोधायला हवी.

मला ती एका भोकाच्या कोपऱ्यात सापडते.

२ मे १९५२ या दिवशी लंडनहून ‘कॉमेट’ नावाचं विमान जोहान्सबर्गला निघालं. पैसे देऊन तिकीट काढलेल्या प्रवाशांना घेऊन जाणारं जगातलं ते पहिलं जेट. प्रवासी छत्तीस. वाटेत रोम, बैरुत, खार्टुम, एन्टेबी आणि लिव्हिंगस्टन असे पाच मुक्काम, म्हणजे आपली एसटीही वाईट वाटून घेणार नाही इतके थांबे. पण मधला प्रवास लोण्यासारखा. पंख्यांच्या विमानात तोवर दाढा खुळखुळत. कॉमेटमध्ये म्हणे टेबलावर नाणं उभं ठेवलं तरी पडत नसे. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून कॉमेट कराची-मुंबईवरून कोलंबोलाही जाऊ लागलं. ज्या मुंबईत ‘विलायतेला’ म्हणजे बॅलार्ड पियरवरून बोटीने दोन-तीन आठवड्यांनी, असा हिशेब होता, तिथल्या आकाशातून जेट गेलं तेव्हा अमेरिकेकडे एकही प्रवासी जेट नव्हतं. मला हे वाक्य लिहितानाही गंमत वाटते.

मग ती पडू लागली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ ला, दमदमहून उडालेलं एक कॉमेट वादळात कोसळलं आणि त्रेचाळीस माणसं गेली. दोष वादळाला दिला गेला. १९५४ च्या जानेवारीत इटलीच्या एल्बा बेटाजवळ आणखी एक पडलं. हे तेच विमान, पहिल्या दिवशी जोहान्सबर्गला गेलेलं. सगळी कॉमेट जमिनीवर ठेवली, साठेक दुरुस्त्या केल्या, मार्चअखेर पुन्हा उडवली, आणि जेमतेम दोन आठवड्यांत नेपल्सजवळ तिसरं गेलं.

फार्नबरोच्या संशोधन संस्थेने तेव्हा जे केलं ते मला त्या शतकातल्या उत्तम हेरकथांपैकी एक वाटतं. त्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घातलं आणि आत पाणी भरून दाब वाढव, सोड, पुन्हा वाढव, असं रात्रंदिवस चालवलं. उंचावर गेलं की विमान आतल्या हवेने फुगतं, उतरलं की बसतं. सुमारे तीन हजार वेळा फुगल्या-बसल्यावर टाकीतलं विमान एका खिडकीच्या कोपऱ्यातून फाटलं. विजारीचा खिसा नेहमी कोपऱ्यातच उसवतो, हे कुठल्याही शिंप्याने त्यांना फुकट सांगितलं असतं. धातूलाही थकवा येतो, आणि तो कोपऱ्यात साठतो. बिचाऱ्या प्रवाशांच्या खिडक्या मात्र तेव्हापासून उगाच बदनाम आहेत. समुद्रातून काढलेल्या एल्बाच्या विमानात चीर सुरू झाली होती ती छतावर, अँटेनासाठी कापलेल्या भोकापाशी.

तर ही आपली गोळी. ते कोपरे थोडे अधिक गोल असते, पत्रा थोडा जाड असता, तर?

तर सिॲटलची बोइंग कंपनी बाँबफेकी विमानं करत राहिली असती. प्रवासी जेटसाठी तिने त्या काळात स्वतःचे एक कोटी साठ लाख डॉलर पणाला लावले होते आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये बोटींच्या शर्यती बघायला जमलेल्या विमान कंपन्यांच्या बड्या लोकांसमोर टेक्स जॉन्स्टन या तिच्या वैमानिकाने ते भलंमोठं विमान तळ्यावर आडवं गरकन फिरवलं, एकदा नव्हे दोनदा. मालकाने बोलावून हे काय चालवलंयस असं विचारलं, तेव्हा विमान विकत होतो, असा त्याचा खुलासा. कॉमेट पडलं नसतं तर या कोलांट्या पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि खरेदीला इंग्लंडला गेले असते. जगाची सगळी जेट हर्टफर्डशायरमध्ये तयार झाली असती, लहान, देखणी, इंजिनं पंखांच्या पोटात लपवलेली. विमानतळांवर चारच्या ठोक्याला चहा आला असता. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेतलं, त्याच वर्षी न्यूयॉर्क गाठलं आणि १९६२ पर्यंत ताफ्यातली सगळी विमानं जेट केली. महाराजाला हा थाट इंग्रजी विमानांतही जमला असता. मिशी काही बोइंगची नव्हती.

पण एवढ्याने तुमचं-माझं आयुष्य फारसं बदललं नसतं. विमान कुणी बनवलं हे बसणाऱ्याला कुठे कळतं! आयुष्य बदललं असतं ते पुढच्या वळणावर, आणि त्या वळणावर सगळं जग चक्क चुकीच्या रस्त्याकडे तोंड करून उभं होतं.

साठच्या दशकात कुणालाही विचारा, विमानाचं भवितव्य काय? उत्तर एकच: आवाजापेक्षा वेगवान. इंग्रज-फ्रेंच मिळून ‘काँकॉर्ड’ करत होते. रशियाचं तुपोलेव्ह १४४ तर १९६८ च्या शेवटच्या दिवशी उडालं, काँकॉर्डच्या दोन महिने आधी. (आत इतका आवाज की शेजाऱ्याशी बोलण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणं सोपं. प्रवासी फेऱ्या पंचावन्न झाल्या आणि थांबल्या.) अमेरिकेत केनेडींनी १९६३ मध्ये याहून मोठं, याहून वेगवान विमान करू असं जाहीर केलं. कंपन्यांनी नंबर लावले. आपल्या एअर इंडियानेही दोन काँकॉर्ड आणि दोन अमेरिकन स्वनातीत विमानं राखून ठेवली होती. कुळाची लाज राखायला एवढं तर करावंच लागतं.

या सगळ्या वऱ्हाडात बोइंगमधली एक तुकडी जरा कोपऱ्यात काम करत होती. जो सटर तिचा म्होरक्या. कंपनीतली चमकदार माणसं स्वनातीत विमानावर, आणि यांच्याकडे एक मोठा, सावकाश, पोटभर माणसं नेणारा गाडा: ७४७. पॅन ॲमचे हुआन ट्रिप यांनी १९६६ मध्ये पंचवीस मागवले होते. पण हा गाडा किती वर्षं चालणार? स्वनातीत विमानं आली की माणसं तिकडे जाणार, मग याचा उपयोग मालवाहतुकीला. म्हणून नाक उघडून थेट खोकी आत सारता यावीत अशी त्याची रचना केली आणि वैमानिकांची खोली उचलून माळ्यावर टाकली. ७४७ चं ते जगप्रसिद्ध कुबड म्हणजे या गृहीतकाची खूण. विमान जन्मालाच आलं ते तात्पुरती सोय म्हणून.

तात्पुरत्या सोयीचं पुढे काय होतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आमच्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमधून शाळांच्या तीन-तीन पिढ्या दहावी झाल्या. या तात्पुरत्या विमानाचे नग १५७४ झाले आणि शेवटचा कारखान्याबाहेर पडून गिऱ्हाइकाकडे गेला तो २०२३ मध्ये. आणि ज्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती, त्या काँकॉर्डचे चौदा नग प्रवाशांसाठी उडाले.

आता उलटं घडलं असतं तर? समजा, १९७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आपल्या स्वनातीत विमानाचे पैसे बंद केले नसते. १९७३ च्या जानेवारीत पॅन ॲमने काँकॉर्ड नाकारलं नसतं. त्याच वर्षी तेल भडकलं नसतं. तर १९७६ च्या सुमारास सांताक्रूझवर एअर इंडियाचं काँकॉर्ड उभं राहिलं असतं. नाव, मला वाटतं, ‘पुष्पक’ ठेवलं असतं, आणि ते साफ चुकलं असतं. पुष्पकात म्हणे कितीही बसले तरी एकाची जागा उरतेच. काँकॉर्डमध्ये शंभर बसत, आणि खिडकी तळहाताएवढी.

लंडनचं अंतर त्याला एका दमात झेपलं नसतं, म्हणून मधे बहारीनला तेल. तरी ताशी २१८० किलोमीटरचा वेग. आता आपल्या अक्षांशावर पृथ्वी स्वतःभोवती ताशी साधारण १५८० किलोमीटरने फिरते. म्हणजे पश्चिमेला निघालेलं हे विमान पृथ्वीच्या पुढे पळणार. लंडनहून संध्याकाळी न्यूयॉर्कला निघालेल्या काँकॉर्डच्या प्रवाशांनी मावळलेला सूर्य पश्चिमेकडून पुन्हा वर येताना पाहिला आहे. साहेबाने त्यावर शॅम्पेन घेतली असेल. आपल्याकडे पंचाईत झाली असती.

कल्पना करा, संकष्टी आहे. चंद्रोदय नऊ वाजून काही मिनिटांनी. सांताक्रूझवरून उडताना पूर्वेला चंद्र नुकता डोकं वर काढतोय. आजी म्हणते, जरा स्थिर होऊ दे, मग अर्घ्य देईन आणि दोन घास खाईन. विमान समुद्रावर येतं, वेग पकडतं, आणि चंद्र उगवायचं सोडून मागे सरकू लागतो. वर येण्याऐवजी खाली. आजीचं ताट निवतंय आणि चंद्र आल्या वाटेने पुन्हा क्षितिजात जातोय. उपवास सुटला की नाही? पुण्यातल्या दोन पंचांगकर्त्यांनी याची दोन उत्तरं दिली असती, तिसऱ्याने दोघांविरुद्ध पुस्तिका काढली असती, आणि ‘स्वनातीत प्रवासातील तिथिनिर्णय’ या विषयावर वसंत व्याख्यानमालेत एक संध्याकाळ नक्की रंगली असती.

खरी गंमत मात्र जमिनीवर. आवाजापेक्षा वेगाने जाणारं विमान आपल्यामागे एक दणका ओढत नेतं. तो एकदाच, आवाजाची भिंत ओलांडताना होतो असा समज आहे. प्रत्यक्षात वेग तेवढा आहे तोवर तो वाटभर खालच्या प्रत्येक गावावरून जातो. लोकांना हे कितपत सोसेल हे पाहायला अमेरिकन सरकारने १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटी निवडली. फेब्रुवारी ते जुलै, रोज आठ दणके, पहिला सकाळी सातला. काचा फुटल्या, गिलावे तडकले, हजारो तक्रारी आल्या आणि भरपाईचे बहुतेक दावे फेटाळले गेले. शेवटी विचारलं तेव्हा सुमारे पाऊण लोक म्हणाले, चालेल, सवय होईल. उरलेल्या पाव लोकांनी जगातल्या विमानांचं भवितव्य ठरवलं असं मला वाटतं. बहुमताच्या जोरावर सगळं होतं; पण दुपारी झोपमोड झालेल्या माणसासमोर बहुमताचं काही चालत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेने जमिनीवरून असं उडायला बंदीच घातली.

आपणही नाही म्हणालो होतो. १९७७ मध्ये काँकॉर्ड लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरला जाऊ लागलं. एका अंगाला ब्रिटिश एअरवेजचे रंग, दुसऱ्या अंगाला सिंगापूर एअरलाइन्सचे. भारताने आपल्या भूमीवरून आवाजाच्या पुढे जायला परवानगी दिली नाही. मलेशियाचाही आक्षेप होता. १९८० मध्ये ती फेरी बंद पडली. या नकाराबद्दल आपण कधी स्वतःची पाठ थोपटून घेतलेली नाही, हा आपला एकमेव विनय असावा.

दिली असती तर? एक विमान घाटावरून रोज दुपारी दीडला गेलं असतं. देवगडच्या बागायतदाराने मोहोर गळाल्याचं निवेदन दिलं असतं. तो एरवीही गळतो हे कृषी खात्याने सप्रमाण दाखवलं असतं. विधानसभेत लक्षवेधी लागली असती. गच्चीवर वाळत घातलेले पापड दणक्याने तडकल्याबद्दल भरपाईचा शासन निर्णय निघाला असता आणि सोबत अर्ज: पापडांची संख्या, पापड उडदाचा की पोह्याचा, तडकण्यापूर्वी अखंड असल्याबाबत सरपंचाचा दाखला. पाच वर्षांनी मंजुरी आली असती, तोवर अर्जदाराच्या सुनेने पापड विकत आणायला सुरुवात केलेली.

हे सगळं मी हसत लिहितोय, पण काँकॉर्ड मला मनापासून आवडतं, हेही सांगायला हवं. इतकं सुंदर यंत्र माणसाने फार वेळा केलेलं नाही. वेगाने ते इतकं तापे की उडताना सहा ते दहा इंच लांब होई. तंत्रज्ञाच्या फळ्यामागे तेव्हा एक फट पडायची. निवृत्तीच्या वेळच्या फेऱ्यांत काही तंत्रज्ञांनी आपली टोपी त्या फटीत सरकवली. विमान निवलं, फट मिटली, टोपी कायमची आत. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची फेरी झाली तेव्हा, विमानात कधीच न बसलेल्या माझ्यासारख्या लोकांनाही घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

पण त्या दुसऱ्या इतिहासात राहायला जायचं का, असं कुणी विचारलं तर मी जरा घुटमळेन. तिथे कोण उडतंय ते बघा. मंत्री, उद्योगपती, नट, क्रिकेट कप्तान. मंत्र्यांचंही तसं नुकसानच. पंधरा दिवसांचा अभ्यासदौरा संध्याकाळी उरकून घरी. दर माणशी इंधन कितीतरी पट, त्यामुळे भाडं आभाळाला, आणि ते खाली यायचं काही कारणच नाही. शंभर खुर्च्या भरायला शंभर श्रीमंत पुरतात.

इकडे आपल्या इतिहासात साडेतीनशेच्या वर खुर्च्या भरायच्या होत्या. तेवढे श्रीमंत कुठून आणायचे? कंपन्यांनी नाइलाजाने तुमच्या-आमच्याकडे पाहिलं. एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘सम्राट अशोक’, १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईला उतरलं. खिडक्यांभोवती झरोक्याच्या कमानी रंगवलेल्या. कॉमेटच्या कोपऱ्यांचं प्रकरण ठाऊक असलेल्या माणसाला त्या गोल कमानी बघून किती बरं वाटलं असेल! अमेरिकेने १९६५ मध्ये कायदा बदलून दारं किलकिली केली होतीच. डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले, त्यांनी मंडळं काढली, १९८१ पर्यंत उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. आणि मग ज्यांच्यासाठी कुठल्याही अभियंत्याने कधी विमान आखलेलं नव्हतं, त्या प्रवासिनी निघाल्या: सुनेच्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आज्या.

नऊवारी, पायात मोजे आणि वर बूट, गळ्यात पासपोर्टची पिशवी. इंग्रजी येत नाही, म्हणून मुलाने कागदावर लिहून दिलेलं: ‘मला न्यूयॉर्कच्या विमानाकडे न्यावे.’ सामानात डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, खसखस, बाळंतशेपा, बाळगुटी, सहाण. खाली सहा-सात मैलांवर समुद्र की वाळवंट याचं तिला सोयरसुतक नव्हतं. बरणीचं झाकण घट्ट आहे ना, एवढंच. गाडा सावकाश होता, चौथ्या तासाला पाय सुजत, पण पोटात जागा होती. त्या रिकाम्या मोठ्या पोटात, मालाच्या खोक्यांसाठी राखलेल्या जागेत, दोन पिढ्यांची लोणची समुद्रापार गेली. काँकॉर्डला हे झेपलं नसतं. त्या निमुळत्या नळीत सहाण घेऊन आजी कुठे बसवणार?

आता पुन्हा वारं फिरतंय. २८ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत बूम नावाच्या कंपनीच्या छोट्या विमानाने आवाजाची वेस ओलांडली. साठ ते ऐंशी प्रवाशांचं मोठं विमान करायचा त्यांचा बेत आहे. नासा वेगळ्याच एका विमानावर काम करतंय, ज्याचा दणका खाली येईतो नुसता ‘धप’ व्हावा. बंदी उठवण्याचे आदेशही निघाले.

शेजारच्या काकू दर हिवाळ्यात अमेरिकेत एडिसनला लेकीकडे जातात, त्यांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं.

“काकू, पुढेमागे निम्म्या वेळात पोचाल.”

“बरंय की,” काकू म्हणाल्या. हातातली चकलीची पुडी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत, आणि तिसरीला गाठ मारता मारता विचारलं, “पण तुझ्या त्या विमानात बॅगा किती? तेवीस किलोच्या दोन देतात ना?”